दुसरी तपासणी

दीप्तीने नागसेनच्या दंडावरचा पट्टा आवळला आणि त्याच्या चेहऱ्याकडे न बघता म्हटलं, "मूठ बंद करा."

त्याने मूठ वळली. "माझं रक्त घेऊन काय फायदा, मॅडम? मी वाहक आहो, मले माहीत आहे."

"तरी घ्या," बाजूच्या खुर्चीवरून त्याची बायको रोशनी म्हणाली. तिला पाचवा महिना होता. तिच्या रक्तात नुकताच सिकलसेलचा दोष सापडला होता. आईबाप दोघंही वाहक असले तर बाळाला तो आजार होऊ शकतो, हे ऐकल्यापासून तिची झोप उडाली होती.

"लग्नाआधी यांची तपासणी नव्हती केली?" रोशनीकडे बघत दीप्तीने त्याला विचारलं.

"नाही." नागसेन थांबला. "एकदा तपासून पाहिलं होतं ना. पुन्हा हिंमत नाही झाली."

रोशनीला वाटलं, तो एखाद्या मोडलेल्या सोयरिकीबद्दल बोलतो आहे. दीप्तीने सुई टोचली.

कॉलेजात असताना एका शिबिरात दीप्ती आणि नागसेन दोघांचं रक्त तपासलं होतं. दोघंही वाहक निघाले. फुटाळा तलावाच्या काठावर नागसेन म्हणाला होता, "आपल्या लेकराले जन्मभराचं दुखणं कसं द्याचं, दीप्ती?" हाडं दुखून रात्रभर ओरडणारा मामेभाऊ तिने पाहिला होता. त्याच संध्याकाळी दोघांनी लग्नाचा विचार सोडला.

पुढे तो शहराबाहेर वाडीच्या एका गोदामात नोकरीला लागला आणि ती या प्रयोगशाळेत आली. सिकलसेलची तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, प्राणवायू मिळाला की पुन्हा गोल होते. पण असं पुष्कळदा झालं की तिचं आवरणच ताठरतं आणि मग ती वाकडीच राहते. हे आवरण नेमकं कधी हार मानतं, याचा दीप्ती अभ्यास करत होती. तिने लग्न केलं नव्हतं.

मशीनवर नागसेनचा आलेख उमटला. तिने तो पाहिला, नळीवरचं नाव पाहिलं आणि तपासणी पुन्हा लावली. आलेख तोच आला. मग हातमोजे न काढताच तिने नळ सुरू केला आणि बराच वेळ हात धूत राहिली.

बाहेर येऊन ती म्हणाली, "यांच्या रक्तात दोष नाही. बाळ फार तर तुमच्यासारखं वाहक होईल. आजार होणार नाही."

रोशनीने तोंडाला पदर लावला. मग तिने विचारलं, "मंग तेव्हाचा रिपोर्ट?"

"शिबिरातली तपासणी झटपट असते. चुकू शकते. दुसऱ्यांदा करून घ्यायला हवी होती."

नागसेन भिंतीला टेकला.

"अहो, असे काहून उभे राहिले?" रोशनी रडता रडता हसली. "चुकलं तं चुकलं. आपलं काही बिघडलं तं नाही ना, ताई?"

"नाही," दीप्ती म्हणाली. तिने दार उघडून धरलं आणि नागसेनला म्हटलं, "जिना उभा आहे. सांभाळून उतरवा यांना."

दोन पायऱ्या उतरून नागसेन थांबला. त्याने वर पाहिलं नाही. रोशनीचा हात धरून तो पुढची पायरी उतरला.