कोणत्या भांड्यात केलास?

मी एक जुना तांब्याचा टोप आहे. मित्रांनो, ज्या घरात मी राहतो तिथले आजोबा जन्मभर कल्हई करत आले. तांब्याच्या भांड्यात आंबट शिजवलं की ते कळकतं, पोटात गेलं तर विषच. म्हणून आतून कथलाचा पांढरा मुलामा द्यायचा, तीच कल्हई. कुणाकडेही आंबट पुढे आलं की आजोबा आधी भांडं विचारत. लोक हसत, आजी तर कपाळाला हात लावी.

मलाही दर वर्षी कल्हई व्हायची. पुढे आजी गेली, आजोबांची नजर अधू झाली. सूनबाई मला बाहेरून असं लख्ख घासायची की शेजारणी कौतुक करत. आत मात्र कल्हई उडून तांबडा तळ उघडा पडला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

यंदा आजोबा तापाने अंथरुणाला खिळले. तोंडाची चव गेली, अन्न जाईना. तुझी सासू करायची तसा रानफळांचा पाक मिळाला तर दोन घोट घेईन, एवढंच ते सूनबाईला म्हणाले. ती सकाळीच काटेरी जाळ्यांत शिरली आणि हात ओरबाडून घेत टोपलीभर काळी आंबट फळं घेऊन आली. आणि नेमकं मलाच चुलीवर चढवलं.

फळं फुटली, साखर विरघळली. आंबट रस माझ्या उघड्या तळाला झोंबू लागला. नको गं बाई, उतरव मला, असं मी आतल्या आत ओरडत होतो; पण भांड्याला कुठली वाचा? पाक निवला, फडक्यातून गाळून वाटीत आला. आजाऱ्याला उष्टं नको म्हणून तिने तो चाखलासुद्धा नाही.

स्वयंपाकघराच्या दारातून मला खाट दिसत होती. आजोबांनी आज काही विचारलं नाही. तोंड उघडलं. चमचा ओठांपाशी गेला. माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात ते थांबले. "कोणत्या भांड्यात केलास?"

"आपल्या मोठ्या टोपात, मामंजी."

त्यांनी मला जवळ आणायला सांगितलं. बोट तळावरून फिरवलं, तो खरखरीत लागला आणि त्यांनी चमचा बाजूला सारला.

"ओतून टाक, सूनबाई. चूक तुझी नाही. जगाची भांडी केली, घरचंच राहून गेलं."

तिने डोळे पुसत सगळा पाक मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी आजोबा उशीला टेकून सांगत गेले आणि तिने मला तापवून, तळ स्वच्छ व्हायला नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं. मग ती पुन्हा त्याच काट्यांत गेली.

पाकाची वाटी पुढे आली तेव्हा आजोबांनी पुन्हा तेच विचारलं. सूनबाईने मलाच पुढे केलं. बोट गुळगुळीत तळावरून फिरलं, आणि मग त्यांनी तोंड उघडलं.

मित्रांनो, भांडी बाहेरून जरूर चमकवा, माझी ना नाही. पण अधूनमधून आतही डोकावत जा. आम्हाला ओरडता येत नाही.