मेटोप्रोलॉल आणि महादेवराव

उद्धवराव गावंड्यांना आयुष्यातलं पहिलं स्वप्न पडलं ते वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, बीपीची गोळी सुरू झाल्याच्या सहाव्या दिवशी.

आधी कधी पडलीच नसतील असं नाही. पण एकही लक्षात राहिलं नव्हतं, आणि जे लक्षात नाही ते झालंच नाही, असं ते धरून चालत. अमरावतीच्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं होतं. कुणी पोरगं वर्गात स्वप्नाबद्दल बोललं, तर ते त्याला फळ्यासमोर उभं करून एक समीकरण सोडवायला लावत.

गोळी डॉक्टर साधना काळमेघांनी दिली होती. राजापेठेत त्यांचा दवाखाना. दाब एकशे सत्तर आणि नाडी एकशे चार पाहून त्या म्हणाल्या होत्या, "सर, तुमचं हृदय उगाच घाईत आहे. शरीरात घाई करायचे निरोप फिरत असतात. ही मेटोप्रोलॉल ते निरोप हृदयाला ऐकू येऊ देत नाही. ठोके हळू पडतात, रक्त कमी जोरानं ढकललं जातं आणि दाब उतरतो. हातपाय गार पडतील, जिना चढताना थकवा वाटेल. काहीही वेगळं वाटलं तर मला सांगायचं. आणि मनानं एकदम बंद करायची नाही."

उद्धवरावांना हे पटलं. ज्याची कृती समजावून सांगता येते त्या गोष्टीवर त्यांचा विश्वास असे.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी चहाचा कप हातात धरला आणि बराच वेळ प्यायलाच नाही.

"काय झालं?" रमाबाईंनी विचारलं.

"दादा आला होता."

"कोण दादा?"

"माझा. महादेवदादा. ओट्यावर बसून संत्रं सोलत होता. म्हणे, उद्धव, विहिरीवरच्या पंपाचा फुटवॉल्व कुठं ठेवला?"

महादेवराव वारून चार वर्षं झाली होती. रमाबाईंनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंड होतं, पण ते गोळीनं असेल, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही महादेवराव आले. मग रोजच यायला लागले. शर्टाचं तिसरं बटण तुटलेलं, खिशात मळकट पाकीट, सगळं उन्हात ठेवल्यासारखं लख्ख दिसे. ते कधी दोरी मागत, कधी गावाकडच्या म्हशीबद्दल विचारत. भांडणाचा विषय मात्र एकदाही काढत नसत.

भांडण पत्रिकेवरून झालं होतं. महादेवरावांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांची बावीस नावं होती, त्यात उद्धवरावांचं नव्हतं. छापणाऱ्याची चूक, असं महादेवराव म्हणाले. बावीसदा चुकला नाही आणि एकदाच कसा चुकला, असं उद्धवराव म्हणाले. ते लग्नाला गेले नाहीत. सहा वर्षं दोघं भाऊ बोलले नाहीत. मग एका दुपारी फोन आला, आणि उद्धवराव अंजनगावला पोचले तेव्हा सरण पेटलेलं होतं.

महिन्यानं डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास?"

"हात गार पडतात," उद्धवराव म्हणाले.

"आणखी?"

"आणखी काही नाही."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना रमाबाई म्हणाल्या, "स्वप्नांचं सांगितलं नाही तुम्ही."

"त्यांनी त्रास विचारला होता," उद्धवराव म्हणाले.

त्या रविवारी ते बसनं अंजनगाव सुर्जीला गेले. वहिनी, म्हणजे महादेवरावांच्या शकुनबाई, अंगणात तूर पाखडत होत्या. उद्धवरावांनी पहिल्या स्वप्नापासून सांगायला सुरुवात केली. शकुनबाई सुपातल्या तुरीकडे बघत ऐकत राहिल्या. सगळं झाल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"चार वर्षं झाले. माह्या स्वप्नात एकदा नाई आले. एकदा! अन् तुमच्याकडे रोज येऊन राहिले?"

"आता ते काही माह्या हातात..."

"तीस वर्षं भाकरी मी थापल्या. तुमी तं बोलत बी नव्हते त्यायच्याशी. तुमच्याकडेच काहून येतात?"

उद्धवरावांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "हे गोळी सुरू झाल्यापासून आहे, वहिनी," ते म्हणाले.

शकुनबाईंनी मान वर केली. "कोणती गोळी?"

शकुनबाईंनाही बीपी होतं. गावच्या डॉक्टरांची एक पांढरी गोळी त्या तीन वर्षं घेत होत्या, त्या गोळीनं पाय सुजत होते आणि स्वप्नं पडत नव्हती. सोमवारी सकाळच्या बसनं त्या अमरावतीला आल्या. उद्धवरावांना घेऊन थेट दवाखान्यात गेल्या आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, माही गोळी बदलून द्या. मले यायच्यावाली पायजे."

"का बरं?"

"हे गोळी घेतली का आमचे मालक स्वप्नात येतात."

डॉक्टरांनी उद्धवरावांकडे पाहिलं. उद्धवराव भिंतीवरचं हृदयाचं चित्र वाचू लागले.

"सर, किती दिवस झाले?"

"सहाव्या दिवसापासून."

"आणि मला आज कळतंय." डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. "सेहेचाळीस. चक्कर येते का?"

"जिन्यावर. थोडी."

"स्वप्नं याच गोळीनं पडतात, काही जणांना. फार ठळक पडतात. आणि नाडी जरा जास्तच उतरली आहे. ही गोळी बदलावी लागेल."

"म्हणजे दादा गोळीतून येत होता?" उद्धवरावांनी विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार, सर. झोप गोळीनं बदलली, एवढं सांगते. झोपेत कोण येणार ते गोळी नाही ठरवत."

शकुनबाईंना या चर्चेत रस नव्हता. "यायची बंद होऊन राहिली तं मले द्या," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. छाती बारीक शिट्टी वाजवत होती.

"दमा आहे तुम्हाला?"

"हाव. पण पंप हाये ना माह्याजवळ." शकुनबाईंनी पिशवीतून तोंडात मारायचा दम्याचा पंप काढून टेबलावर ठेवला.

"म्हणूनच नाही देता येत. ज्या निरोपांनी हृदय पळतं, त्याच जातीचे निरोप तुमच्या श्वासाच्या नळ्या उघड्या ठेवतात. गोळीनं ते अडवले की नळ्या आवळायच्या. श्वास अडकेल तुमचा."

"किती अडकन?"

"मावशी, जीव जाऊ शकतो."

शकुनबाईंनी जरा विचार केला. तो विचार डॉक्टरांना आवडला नाही. त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात गोळीचं नाव लिहिलं, त्यावर फुली मारली आणि कोणत्याही डॉक्टरला आधी हा कागद दाखवा, असं बजावून शकुनबाईंच्या हातात दिला.

उद्धवरावांची गोळी आधी अर्धी झाली, मग पाव झाली, मग थांबली. महादेवरावही त्याच मापानं कमी झाले. शेवटच्या आठवड्यात ते एकदाच आले, पाठमोरे, आणि काही न मागता गेले. नव्या गोळीचं नाव अ‍ॅम्लोडिपिन होतं. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करते, असं डॉक्टरांनी सांगितलं. दाब एकशे तीसवर आला, नाडी सत्तर. संध्याकाळी घोट्यांवर सूज येई, आणि झोप दगडासारखी लागे. उरलेल्या सहा गोळ्या शकुनबाईंनी फोन करून मागितल्या. रमाबाईंनी त्या आधीच टाकून दिल्या होत्या. कुठे, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

उद्धवराव मात्र दर रविवारी अंजनगावला जात राहिले. तीन रविवार त्यांना जुनी स्वप्नं पुरली. चौथ्या रविवारी शकुनबाईंनी पाट सरकवला आणि नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणे ते?"

चौतीस वर्षांत ज्यांनी कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नव्हता, ते उद्धवराव म्हणाले, "मजेत होता. बांधावर उभा. पांढरे केस वाऱ्यानं उडून राहिले होते."

"पांढरे?"

"हो. आता वय..."

"ते मेंदी लावत होते, भाऊजी. मरायच्या तीन वर्षं आधीपासून. लाल भडक डोस्कं. साऱ्या गावानं पाह्यलं."

उद्धवरावांनी वर पाहिलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं. भिंतीवरच्या फोटोत महादेवराव पन्नाशीचे होते, काळ्या केसांचे.

"गोळीसोबत तोही बंद झाला, वहिनी," शेवटी ते म्हणाले. "आता नाही येत तो."

"मले समजलं होतं मागच्याच रविवारी. फुटवॉल्वचं दोनदा सांगितलं तुमी."

"मग बोलल्या काहून नाही?"

"आयकून राहिली होती मी." शकुनबाईंनी पंप घेतला, श्वास बसेपर्यंत थांबल्या. "मेंदी काहून लावली, माईत हाये? नातवानं आजी म्हटलं त्यायले. टक्कल लपवाले मफलर बांधत ना, मागून बाईच वाटे. मंग मफलर फेकला अन् उरलेले केस रंगवले."

"टक्कल पडलं होतं?"

"पुरं. कडेचे केस तेवढे लाल."

उद्धवरावांनी ते डोळ्यांसमोर आणून पाहिलं. आधी खांदे हलले, मग त्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांवरचा चष्मा काढावा लागला. चष्मा त्यांनी बराच वेळ पुसला. शकुनबाई तोवर तिकडे बघत नव्हत्या.

"आणखी सांगा," ते म्हणाले. "कोणत्याही सालचं चालंल."

"बसचा टाइम?"

"जाऊ द्या तिले."

शकुनबाईंनी पाय लांब केले, सुजलेल्या घोट्यांवर पदर ओढला आणि पत्रिका छापली त्या वर्षापासून सुरुवात केली.