वरून आलेला आवाज

टपालाच्या ट्रकखाली सोफेवाल्याची बायको गेली, त्याला महिना उलटून गेला होता. तरी गल्लीतलं कोणी अजून त्याच्या नजरेला नजर देत नव्हतं. तो दुकानाची फळी उघडायला आला की समोरची माणसं काम आठवल्यासारखी आत जायची. आधी त्याला वाटलं, दुःखाला लोक घाबरतात. पुढे पुढे त्याला वाटायला लागलं, लोक काहीतरी लपवतात.

गल्ली पुढे बंद. ट्रकला वळायला जागा नाही, म्हणून तो रोज उलटाच आत यायचा, पार्सलं उतरवायचा आणि नाकासमोर निघून जायचा. असा ट्रक मागे घेताना पाठीमागे एक माणूस उभा लागतो. टपाल वाहण्याचं काम ज्या ठेकेदाराकडे होतं, त्यानं तो माणूस कधीच कमी केला होता. मग ज्याचं पार्सल असेल तो बाहेर येऊन हात हलवायचा. त्या दिवशी कोणीच बाहेर नव्हतं. सोफेवाल्याची बायको तेवढी घरासमोर, रस्त्यातल्या खड्ड्यात असलेल्या पाण्याच्या चावीवर वाकली होती. वाकलेलं माणूस आरशात दिसत नाही.

ड्रायव्हरनं पोलिसांना जबाब दिला तो असा: "मी गाडी थांबवली होती साहेब. मागे कोणी दिसेना. तेवढ्यात पुरुषाचा आवाज आला, येऊ दे, येऊ दे. वरच्या बाजूनं आला. म्हणून मी गाडी घेतली."

मेहुण्यानं तो जबाब ऐकला आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. बायकोचा हा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा ताईनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. ट्रकचे टायर काढून घालून त्याचे हात लाकडासारखे झाले होते.

"भाऊजी, ड्रायव्हरला कोर्ट बघेल," तो म्हणाला. "पण वर बसून आरामात येऊ दे म्हणणारा हा कोण? खाली माझी ताई वाकलीय हे दिसत नव्हतं त्याला? याला मी बघतो."

"बघतो म्हणजे काय करणार?"

"ते तुम्ही विचारू नका."

हे त्यानं ओरडून म्हटलं असतं तर सोफेवाल्याला बरं वाटलं असतं. तो अगदी शांतपणे म्हणाला.

सोफेवाला मुळात कमी बोलणारा. काम करताना छोट्या चुका, म्हणजे बारीक खिळे, ओठांत धरायच्या आणि एकेक काढून कापडावर ठोकायच्या, अशी त्याची सवय. बायको गिऱ्हाइकांना सांगायची, "ह्यांच्या तोंडात कायम चुका असतात, म्हणून गप्प असतात. नाहीतर माझ्याशी भांडले नसते का?" आता गिऱ्हाईक आलं की त्याला स्वतःलाच बोलावं लागायचं. दोन वाक्यांत त्याला धाप लागायची.

तरी तो गल्लीत विचारायला गेला. आधी इस्त्रीवालीकडे.

"वहिनी, त्या दिवशी तुम्ही इथेच होतात ना?"

"होते की." मग तिनं इस्त्रीकडे पाहिलं. "म्हणजे नव्हते. कोळसे आणायला गेले होते."

"येऊ दे कोण म्हणालं, ते कोणीतरी ऐकलं असेल."

"भाऊ, मिटवा ती केस. गेलेलं माणूस कोर्टातून सोडवून आणता येत नाही."

"मी विचारलं काय आणि तुम्ही सांगताय काय!"

इस्त्री तिच्या हाताखाली तशीच राहिली. कापड करपल्याचा वास आला, तेव्हा तिनं ती उचलली. कोणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर तांबूस त्रिकोण उमटला होता. एरवी अशा नुकसानीवर ती अर्धा दिवस स्वतःलाच शिव्या देत बसली असती. आज तिनं तो शर्ट घडी करून खाली सारला आणि पाठ फिरवली.

मग तो कवायतीच्या मास्तरांकडे गेला. मास्तर निवृत्त झालेले, समोरच्या घराच्या माडीवर राहायचे. दिवसभर गॅलरीत बसून खालच्या माणसांना हाका मारणं हा त्यांचा धंदाच. "काय सोफेवाले, चाल सुधारा, पाय ओढू नका!" असं ते वरून ओरडायचे. महिनाभर ती गॅलरी बंद होती. त्यांनी दार बोटभर उघडलं.

"मी काही ऐकलं नाही," त्यांनी त्याला विचारूच दिलं नाही. "माझे कान गेलेत."

"कधी गेले?"

"वय झालं बाबा. तू जा. जेवत जा वेळेवर."

गल्लीच्या टोकाला कोणी कुजबुजलं तरी ज्याला ऐकू यायचं, त्याचे कान महिन्याभरात गेले होते. सोफेवाल्यानं हे मेहुण्याला सांगितलं. सांगायला नको होतं, हे त्याला लगेच कळलं. मेहुणा नुसता म्हणाला, "चोराच्या मनात चांदणं."

त्या आठवड्यात दोघं वकीलबाईंकडे गेले. त्यांचं ऑफिस एका औषधाच्या दुकानावर होतं. अरुंद जिना, एक खिडकी, आणि टेबलावर चहाच्या कपांची वर्तुळं. बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या.

"ड्रायव्हरवरची फौजदारी सरकार चालवेल. त्यात तुम्ही साक्षीदार. दुसरा रस्ता म्हणजे ठेकेदारावर दावा. मागे माणूस न ठेवता गाडी गल्लीत घालायला लावली, हा त्याचा निष्काळजीपणा. तिसरा रस्ता तडजोडीचा. त्यांचा माणूस माझ्याकडे येऊन गेलाय. तडजोड झाली की दाव्याचं तोंड कायमचं बंद."

"तडजोड नाही," मेहुणा म्हणाला. "आम्हाला त्या वरच्याचं नाव हवंय."

"नावानं तुमचा दावा मजबूत होणार नाही. उलट कमजोर होईल. ते सगळं त्या माणसावर ढकलतील."

"दावा गेला खड्ड्यात."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग जबाबाच्या प्रती काढून आणायला त्याला खाली पाठवलं. तो गेल्यावर त्या सोफेवाल्याला म्हणाल्या, "ह्याला आवरा. आणि आता तुमची थोडी तयारी करून घेऊ. समजा मी समोरची वकील आहे. अपघात झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"घरीच. गच्चीवर."

"गच्चीवर काय करत होतात?"

"टाकी भरत होतो. आमची टाकी आपोआप भरत नाही. खालची चावी उघडावी लागते. ही खाली चावी फिरवायची, मी वर पाइप धरायचो."

"तुम्हाला ती दिसत होती?"

"नाही. कठड्याआड जाते ती. ट्रकही दिसत नाही, नुसता आवाज येतो."

"मग चावी कधी उघडायची, हे तिला कसं कळायचं?"

"मी वरून सांगायचो."

"काय सांगायचात?"

सोफेवाल्यानं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता, रोजचाच होता, वर्षानुवर्षं सकाळी उठून तोच ओरडत आला होता. पाणी कमी आलं की दोनदा ओरडायचा. तो शब्द बाहेर आला नाही.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

तो म्हणाला, "मी पाण्याला म्हणालो होतो."

"हो."

"बाई, मी पाण्याला म्हणालो होतो."

गल्ली का गप्प होती, ते त्याला आता कळलं. इस्त्रीवालीनं ऐकलं होतं. मास्तरांनी ऐकलं होतं. सगळ्यांना त्याचा आवाज ओळखीचा होता. कोणाला वाचवायला ती दारं बंद होत होती, हे तो विचारत फिरला होता, आणि तीच माणसं त्याला वाचवत होती.

"आता ऐका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "खोटं बोला असं मी सांगणार नाही. तडजोड केलीत तर निदान दाव्यात तरी तुम्हाला शपथेवर उभं करून कोणी हे विचारणार नाही. खरं सांगितलंत तर दावा अंगानं कमी होईल, पण मरणार नाही. मागे न बघता नुसत्या आवाजावर गाडी घेणं हा ड्रायव्हरचा दोष राहतोच. माणूस न ठेवणं हा ठेकेदाराचा."

"आणि माझा?"

"कोर्टाच्या भाषेत, थोडा."

"घरच्या भाषेत?"

वकीलबाईंनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. त्यानं त्याला हात लावला नाही.

जिन्यावर पावलं वाजली. मेहुणा दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. प्रतींची गुंडाळी त्याच्या मुठीत चुरगळली होती. डोळे मात्र चमकत होते. ताई गेल्यापासून त्याचा चेहरा इतका मोकळा कधी दिसला नव्हता.

"भाऊजी, लागला पत्ता! खाली इस्त्रीवालीचा दीर भेटला. म्हणतो, आवाज कोणाचा ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे, पण कोणी तोंड उघडणार नाही. आता सांगा, एवढं मानतात कोणाला? मास्तरांनाच ना? आवाज वरून, माणूस वरचा, आणि कान नेमके आत्ताच गेले. मी इथून सरळ तिकडेच जातो. तुम्ही बसा."

"थांब."

"आता थांबायचं काय राहिलं?"

वकीलबाईंनी सोफेवाल्याकडे पाहिलं आणि अगदी बारीक मान हलवली. नको, किंवा आत्ता नको, किंवा माझ्यासमोर नको. त्याला त्याचा अर्थ लागला नाही, आणि लावायचाही नव्हता. त्यानं शेजारची खुर्ची ओढली.

"बस इथे. तुला सगळं सांगतो, मग काय करायचं ते कर. त्या सकाळी टाकी रिकामी होती. तुझी ताई म्हणाली, मी खाली जाते, तुम्ही वर व्हा."

मेहुणा खुर्चीच्या कडेवर टेकला. एक पाय त्यानं दाराकडेच ठेवला होता. तो मन लावून ऐकत होता आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. त्याला अजून वाटत होतं, गोष्ट मास्तरांची आहे.