गुरुजींचा डोंगा

"प्रत्येक युद्धाला दोन बाप असतात! एक लढणारा, आणि दुसरा त्याला तोफगोळे पुरवून 'शांतता राखा' म्हणणारा!"

तलावाच्या पाळीवर गुणवंतराव गुरुजींनी हातातल्या पेपरातून हे जाहीर केलं आणि समस्त मानवजातीच्या वतीनं टेबलावर मूठ आपटली. टेबल चहावाल्या सुकलूचं होतं, आणि त्याला तीनच पाय होते. मानवजातीचा चहा गुरुजींच्या पायजम्यावर सांडला.

"एक फोन!" पायजमा झटकत गुरुजी म्हणाले. "त्या मोठ्या देशानं दोस्ताले फकस्त एक फोन केला असता, तं तिकडची लेकरं वाचली असती. पण नाई! सभेत ठराव आला का हा एकटा हात वर करून पाडते. वरतून मन्ते, आमाले लय चिंता हाये!"

"मी कुठी लढून राह्यलो, असंई मन्त असन," पाण्याशी उभी असलेली गिरजा म्हणाली.

"बरोबर! हुशार हायेस, बाई!"

गिरजेची टोपली रिकामी होती. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, आणि जातपंचायतीनं जुना नियम काढला: विधवेनं तलावात पाय घातला की मासोळी तळाला बसते. मासोळीला हे कोणी कळवलं, ते पंचांना ठाऊक नव्हतं. गिरजेचा वाटा दीर उमाजीच्या घरी जाऊ लागला, आणि तिची रोशनी शाळेतून येऊन मीठभात खाऊ लागली. ज्या डोंग्यातून, म्हणजे लहान लाकडी होडीतून, उमाजी तलाव राखायचा आणि गिरजेला काठीनं हाकलायचा, तो डोंगा गुरुजींचा. नियम रद्द करायला पाचही पंचांचं एकमत लागे. दोनदा चौघं तयार झाले; दोन्ही वेळा विरोधात एकच हात वर गेला. तो हातही पाचव्या पंचाचा, म्हणजे गुरुजींचाच. मग घरी येऊन ते "मले लय वाईट वाटते, बाई" असं सांगूनही गेले होते.

गिरजेनं टोपली खाली ठेवली, खांद्यावरचं नवऱ्याचं जाळं सोडलं आणि ती गुडघाभर पाण्यात उतरली.

"वयनी, भायेर निंघ!" डोंग्यातून उमाजी ओरडला. "गुरुजी, पाहा ना हिले!"

गुरुजी उठले. "बाई, मी तं तुयाच बाजूनं हावो. पण पंचाईतीचा नियम... मी कुठी भांडून राह्यलो..."

सुकलू उगाच खोकला.

"डोंगा कोनाचा हाये, गुरुजी?" गिरजेनं विचारलं. "पंचाईतीत हात कोनाचा होता? का फोन फकस्त मोठ्या देशाकडेच असते?"

उमाजीनं काठी उगारली. गिरजा हलली नाही.

"मार! काठी तुयी, डोंगा गुरुजीचा. मी मेली तं रोशनी दोघायचंई नाव सांगन."

काठी तशीच वर राहिली. उमाजीनं गुरुजींकडे पाहिलं. सारी पाळ गुरुजींकडे पाहत होती.

"उमाजी," गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले, "डोंगा काठाले लाव."

डोंगा वळला. एवढंच होतं. एवढ्याला दोन वर्षं लागली होती.

गिरजेनं जाळं फेकलं. पंचायतीचा नियम न वाचलेल्या मासोळ्या त्यात तडफडत वर आल्या. टोपली भरून ती टेबलापाशी आली. गुरुजी पेपरात तोंड घालून बसले होते.

"गुरुजी," ती म्हणाली, "ते युद्धाचं पान वाचून झालं असन तं द्या. चिमूरच्या बाजारात मासोळ्या बांधाले कागद नाई."