बी विंगची टाकी

सॅम्युअल सरांच्या पनवेलच्या ऑफिसात मुबीना सहा वर्षं इमारतींच्या सांगाड्यांची ड्रॉइंगं काढत होती. हात असा बसलेला, की सर तिच्या शीटवर डोळे मिटून सही करत, आणि त्याचा तिला काय तो तोरा! २०१४ साली सर म्हणाले, "आता सगळे थ्रीडी मॉडेल मागतात," आणि त्यांनी तिला स्टेशनजवळच्या क्लासला घातलं. जुन्या पद्धतीत प्रत्येक मजल्याची शीट वेगळी असे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पायापासून गच्चीपर्यंत अख्खी इमारत उभी करायची होती, आतल्या सळ्यांसकट.

"सरावाला ओळखीची बिल्डिंग घ्या," क्लासचे भगवान सर म्हणाले.

मुबीनाने उलव्यातली बी विंग घेतली. त्या इमारतीची ड्रॉइंगं तिनेच काढली होती, आणि दोन महिन्यांपूर्वी तिचा भाऊ इमाद तिथे सहाव्या मजल्यावर राहायला गेला होता. कुवेतमध्ये अकरा वर्षं घाम गाळून त्याने तो फ्लॅट घेतला होता. अम्मी, भाभी, त्यांची चार वर्षांची मुलगी जिक्रा, सगळे तिथेच. गच्चीवरची मोठी टाकी मात्र अजून कोरडी होती. नळाचं पाणी यायचं होतं, तोवर लोक टँकरवर भागवत होते.

मंगळवारी तिने सातवा मजला चढवला, गच्ची घातली, टाकी बसवली आणि मॉडेल फिरवून पाहिलं. टाकीखाली चार बारीक खांब. जाड खांब पलीकडच्या कोपऱ्यात, डोक्यावर काहीही न घेता उभे.

'मीच काहीतरी चुकीचं घातलं असणार,' तिने मनाशी म्हटलं. शिकाऊ माणसाला स्वतःच्या चुकीचा किती आधार वाटतो! तिने सगळं पुसून बुधवारी पुन्हा उभं केलं. टाकी तिथेच. सॅम्युअल सरांना विचारायला जीभ रेटेना.

गुरुवारी सकाळी ऑफिसात तिने जुन्या फाइली उघडल्या. ए विंगची टाकी नैऋत्येला होती. बी विंगसाठी तिने ऑफिसच्या रीतीप्रमाणे तेच ड्रॉइंग आरशातल्यासारखं उलटवलं होतं, म्हणून जाड खांबांसकट टाकी आग्नेयेला गेली. बिल्डर कमळाकर शेठ खवळले, वास्तुशास्त्राप्रमाणे टाकी नैऋत्येलाच हवी म्हणाले. तिने गच्चीच्या शीटवर टाकी उचलली आणि नैऋत्येला ठेवली. खालच्या मजल्यांच्या शीट उघडल्याच नाहीत, जाड खांब आग्नेयेलाच राहिले.

ती सरांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी मॉडेल दोनदा फिरवलं.

"पन्नास हजार लिटर, म्हणजे पन्नास टन," ते म्हणाले. "हे कधी दिसलं तुला?"

"मंगळवारी."

सरांनी गच्चीची शीट काढली आणि खालची सही पाहिली. शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "भावाला फोन लाव. टाकी भरू देऊ नका म्हणावं."

इमादने लगेच उचलला. "मुबी! आत्ताच तुझं नाव काढलं. काल नळ आला गं! कालपासून पंप चालू आहे, टाकी भरत आली."

"भाई, पंप बंद करायला सांग."

"अगं ऐक तरी. कुणी सुतार आहे का ओळखीचा? कोपऱ्यातल्या खोलीचं दार सकाळपासून घासत होतं, आता पार अडकलंय. जिक्रा आत आहे. तिला गंमत वाटतेय."

मुबीनाला खोली कुठली ते विचारावं लागलं नाही. "दार तोड," ती म्हणाली.

"नवं दार? वेडी झालीस का?"

"भाई, चूक माझी आहे. ती टाकी मी चुकीच्या जागी ठेवली, त्या खोलीच्या डोक्यावर. दार तोड आणि सगळ्यांना घेऊन खाली पळ."

पलीकडे इमादने फोन कुठेतरी ठेवला. सर दुसऱ्या फोनवर कमळाकर शेठच्या माणसाला ओरडून पंप बंद करायला सांगत होते. दारावर पहिला घाव बसला. दुसरा. आतून जिक्रा हसत होती, "अब्बा, अजून जोरात!" अम्मीचं कलमा पढणं ऐकू येत होतं. सहाव्या घावानंतर इमाद थांबला आणि त्याने फोन उचलला.

"मुबी," तो म्हणाला, "मी थांबलोय. मग हा आवाज कसला?"