भिंतीवरची सून

बाळाच्या तोंडात मऊ भाताचा तिसरा घास गेला आणि फोन वाजला. पलीकडून दीर एवढंच म्हणाला, "वहिनी, साहेब आलेत."

तेवढं पुरे होतं. तिनं वाटी ओट्यावर ठेवली, बाळाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, ओढणीला हात पुसले आणि चपला पायांत सरकवतच जिना उतरली. औषधांचं दुकान दोन गल्ल्या आणि एका वळणावर. लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत तिनं दुकानात काढलेला सगळा वेळ एकत्र केला असता तर एक अख्खा दिवसही भरला नसता.

मागच्या दारानं ती आत शिरली. खिळ्यावर पांढरा कोट होता, खिशावर तिचं नाव शिवलेलं. कोटाची इस्त्री मोडलेली नव्हती. मोडणार तरी कशानं? तो चढवून, श्वास आवरत ती काउंटरमागच्या खुर्चीत बसली, तेव्हा तपासणीला आलेले औषध खात्याचे साहेब निवांत चहा पीत होते.

"या मॅडम. धावतपळत?"

"मागं गोदामात माल लावत होती," सासरे म्हणाले.

दुकानाला गोदाम नव्हतं. साहेबांनाही ते ठाऊक होतं. ते नुसते हसले.

त्यांच्या डोक्यावर भिंतीला दोन चौकटी टांगलेल्या होत्या. एकीत तिची परदेशातली पदवी, दुसरीत इथला नोंदणीचा दाखला. नोंदणी झालेला फार्मासिस्ट समोर असल्याशिवाय चिठ्ठीवरचं औषध कुणाला देऊ नये असा नियम आहे. म्हणून दाखला भिंतीवर आणि दाखल्याची मालकीण घरी ओट्यापाशी, अशी सोय त्या घरानं लावली होती. आणि तेच घर कशाला, शोधायला गेलं तर प्रत्येक पेठेत अशी एखादी चौकट सापडेल.

तिनं परदेशात चार वर्षं काढली होती. तिथं राहता आलं असतं. तिची तिथली वरिष्ठ बाई पिकल्या केसांची, भारी खाष्ट. कुणालाही औषध दिलं की पिशवी हातात धरूनच ठेवायची आणि म्हणायची, "आता तुम्ही मला सांगा, कसं घेणार?" त्यानं बरोबर सांगितल्याशिवाय पिशवी सुटायची नाही. ती सवय शिदोरीसारखी बांधून मुलगी परत आली. आपल्याकडे माणसं डॉक्टरच्या आधी औषधवाल्याला विचारतात, मग अशा माणसाची खरी गरज आपल्याकडेच, हे तिचं साधं गणित. इथली परीक्षा दिली, कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, दाखला मिळवला. आणि लगेच हे स्थळ चालून आलं. "आम्हाला देणंघेणं काही नको," सासरे तिच्या वडिलांना म्हणाले होते. "दुकान तिचंच समजा." वडिलांचे डोळे भरून आले. हुंडा न मागणारी माणसं! हुंडा चौकटीत घालून जाणार आहे, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानात कसं यावं?

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दीर त्या खुर्चीत बसू लागला. समोरचा चष्मेवाला त्याला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणायचा; दीरही हसायचा. "वहिनी, तुम्ही घरी आराम करा. गोळ्या काय, मी डोळे मिटून देतो."

साहेब उठले. त्यांनी वही चाळली. चिठ्ठीवरच्या औषधांची ती वही. शेवटच्या रकान्यात रुग्णाला काय समजावलं ते लिहून फार्मासिस्टनं सही करायची. "सगळं व्यवस्थित," म्हणत ते बाहेर पडले. सासऱ्यांनी लागलीच पुढची कोरी पानं तिच्यासमोर धरली. "आलीच आहेस तर करून टाक."

ती सह्या करू लागली. ओळ कोरी, सही खाली. ओळ कोरी, सही खाली.

"अगंबाई, आज तुम्ही!" काउंटरपलीकडून आवाज आला. शिवणवाल्या मावशी होत्या. गल्लीतल्या सगळ्या पोरींचे फ्रॉक त्यांच्या मशीनवरून उतरायचे. "मी नेहमी म्हणते, दुकान तुमचं म्हणून मी इथं येते. तिकडं कोपऱ्यावर स्वस्त देतो, पण तो काय शिकलाय? हे बघा, बोटांचे सांधे असे धरलेत की सुई धरवत नाही. मोठ्या डॉक्टरांनी नवीन गोळी दिलीय. जरा बघून सांगा ना."

त्यांनी चिठ्ठी पुढे केली. तिनं हात पुढे केला.

आणि तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंचा. मागं बाळाचा टिपेला गेलेला आवाज. "किती वेळ? पोर रडून निळी पडायला आली!"

"जा जा," सासरे म्हणाले. "हे आम्ही बघतो."

तिचा हात तसाच मागं आला. चिठ्ठी दिरानं घेतली. कोट खिळ्यावर गेला. बाहेर पडताना तिला मावशींचे शब्द ऐकू आले, "फ्रॉक आठवड्यानं घेऊन जा हो, लेकीचा!"

बाळ निळं पडलं नव्हतं. भूक लागली होती, इतकंच.

फ्रॉक आणायला जायला तिला अकरा दिवस लागले. आधी बाळाचं पोट बिघडलं, मग घरी पाहुणे. मावशींच्या खोलीत मशीनवर फ्रॉक होता, खालच्या काठाची घडी अर्धीच घातलेली, सुई कापडात तशीच टोचून ठेवलेली. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ सुजलेले, जिभेवर पांढरे व्रण. दंडावर काळेनिळे डाग, कुणी चिमटे काढावेत तसे.

"उष्णता झालीय," त्यांचे यजमान म्हणाले. "पाणीसुद्धा गिळवत नाही."

"मावशी, ती नवीन गोळी कशी घेताय?"

मावशींनी एक बोट वर केलं. "रोज... एक. तुमच्या दिरानं... सांगितलं तशी."

तिनं उशाखालचं पाकीट ओढलं. अकरा घरं रिकामी. ती गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. एकदाच. रोज घेतली तर हाडांच्या आतला रक्त तयार करणारा कारखानाच बंद पडतो. परदेशात पहिल्याच वर्षी शिकलेला धडा. खाष्ट बाईनं तिच्याकडून तो दहादा वदवून घेतला होता. चिठ्ठी पाकिटालाच गुंडाळलेली होती. डॉक्टरांनी 'आठवड्यातून एकदा' स्वच्छ लिहिलं होतं, वारासकट.

"काका, रिक्षा बोलवा. आत्ताच्या आत्ता."

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल पाहिला आणि तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही यांच्या कोण?" तिनं गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. उतारा दिला, रक्त चढवलं, जमेल ते सगळं केलं. पाचव्या दिवशी दुपारी मावशी गेल्या.

घरी कुणी आरडाओरडा केला नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. दीर दोन दिवस जेवला नाही. मग सासरे त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "गर्दी होती. होतं माणसाकडून." आणि तिला म्हणाले, "वही नीट करून ठेवलीय. तू काळजी करू नकोस."

तिनं वही पाहिली. मावशींच्या नावापुढे, शेवटच्या रकान्यात, सासऱ्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'आठवड्यातून एकदाच, हे रुग्णास दोनदा समजावले.' खाली तिची सही.

"बाबा, मी काहीच समजावलं नव्हतं."

"मग सांग जाऊन. दाखला कुणाचा? तुझा. सही कुणाची? तुझी. आधी तूच अडकशील, मग आम्ही सगळे. पोरीला कोण बघेल याचा विचार कर."

रात्री तिनं नवऱ्याला विचारलं. तो भला माणूस. भलेपणा न बोलण्यात असतो असं मानणारा. "आता मावशी परत येणार आहेत का?" एवढंच म्हणून त्यानं कूस बदलली.

चौकशीला तेच साहेब आले. तिला बोलावलं. कोट, खुर्ची, सगळं तसंच. मावशींचे यजमान दाराशी उभे होते.

"सही तुमचीच ना मॅडम?"

"माझीच."

सासऱ्यांनी घसा खाकरला. बाळ तिच्या कडेवर होतं, तिची साखळी ओढत होतं. ओळ कोरी होती, हे न सांगता ती बाळाच्या मुठीतून साखळी सोडवू लागली. साहेबांनी वही मिटली. "मग रुग्णाचीच चूक. वयस्कर माणसं, सांगितलेलं विसरतात."

मावशींचे यजमान पुढे आले. त्यांनी कागदात गुंडाळलेला फ्रॉक तिच्या हातात ठेवला. "खालची घडी राहिलीय. तुम्ही घाला," ते म्हणाले. "ती सांगायची, तिथं शिकलेली पोर बसते, तिथं चूक व्हायची नाही. विसरली असेल. तुम्ही कशाला खोटं सांगाल?"

हा शेवटचा प्रश्न तिला पुढे कित्येक दिवस झोपू देईना.

महिनाभरानं घरात झाडलोट सुरू झाली. दिराला स्थळ आलं होतं. मुलगी फार्मसी झालेली. त्याच दुकानाची दुसरी शाखा काढायची होती. त्या भिंतीलाही चौकट हवी. सासूबाई खुशीत होत्या. "दोघी सुना एका पेशाच्या. गप्पा माराल!"

मुलीकडचे आले. मुलगी चुणचुणीत, पाठीचा कणा ताठ. तिचे वडील अवघडून खुर्चीच्या टोकावर बसलेले. "आमचं काही मागणं नाही," ते म्हणाले. "फक्त तिला तिचं काम करू द्यावं."

"म्हणजे काय!" सासरे हसले. "दुकान तिचंच समजा."

तेच शब्द. तोच सूर. तिनं हातातलं चहाचं तबक खाली ठेवलं.

मुलगी तिच्याकडे वळली. "ताई, तुम्ही किती वाजता जाता दुकानात?"

सासूबाईंनी डोळे वटारले. नवरा पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागला. अर्धी घडी घातलेला फ्रॉक घालून बाळ सगळ्यांच्या मधून रांगत चाललं होतं. उरलेली घडी तिनं घातलीच नव्हती.

"मी नाही जात," ती म्हणाली. "माझी चौकट जाते. साहेब आले की मला बोलावतात. मी कोऱ्या पानांवर सह्या करते. मागच्या महिन्यात तशाच एका पानापायी एक बाई गेली. हा फ्रॉक तिनं शिवलाय."

"काहीही बोलते ही!" सासूबाई ओरडल्या. "बाळंतपणापासून डोकं ठिकाणावर नाही हिचं!"

मुलीचे वडील उठले. मुलगी आधीच उठली होती. दाराशी थांबून तिनं विचारलं, "मग तुम्ही अजून इथं कशा?" त्या प्रश्नात दुष्टावा नव्हता, म्हणूनच तो फार लागला.

पाहुणे गेले. सासऱ्यांचा आवाज चढला नाही. "तुला जायचं असेल तर जा," ते म्हणाले. "दाखला घेऊन जा, नाहीतर ठेवून जा. पोर मात्र या घराची आहे." सासूबाईंनी बाळाला उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली. दीर मान खाली घालून बसला होता. नवऱ्यानं वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

ती बंद दारापाशी गेली. आत बाळ रडत होतं. तिनं कडी वाजवली, पुन्हा वाजवली. दार उघडलं नाही. मग ती तिथंच जमिनीवर बसली, दाराला पाठ लावून, म्हणजे बाळाला निदान तिचा आवाज ऐकू जाईल. आणि हाताशी असलेल्या दिराच्या टेबलावरचा कागद-पेन ओढून साहेबांच्या वरच्या कार्यालयाला लिहू लागली. हे लिहिलं की दाखला जाईल, कदाचित आणखी बरंच काही जाईल, हे तिला माहीत होतं. अक्षर स्वच्छ यावं म्हणून ती सावकाश लिहीत होती.

'वहीतली सही माझी आहे. वरचं अक्षर माझं नाही. सही केली तेव्हा ओळ कोरी होती. त्या बाईंनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली होती. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. त्या काहीही विसरल्या नव्हत्या.'

शेवटचं वाक्य तिनं मोठ्यानं वाचून पाहिलं. दारापलीकडचं रडणं क्षणभर थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं.