दगड सावकाश टाक

मी डॉमिनिका बेटावरच्या सालिबिया गावच्या किनाऱ्यावरची एक जुनी होडी. माझं बोलणं कुणाला ऐकू येतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

आधी मी डोंगरातलं गोमिये झाड होते. होड्या कोरणाऱ्या मॅक्सिमिनने मला अंधाऱ्या पक्षात तोडलं. तेव्हा तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही. मला कोरल्यावर साऱ्या गावाने दोर लावून, गात गात खाली ओढलं. मग कुशींना जाळ द्यायचा, पोटात पाणी भरायचं आणि एकेक दगड टाकायचा. लाकूड हळूहळू रुंदावतं. पण रविवारी पाहुण्यांना होडी दाखवायची म्हणून मॅक्सिमिनने सगळे दगड एकदमच टाकले. माझी उजवी कूस तडकली.

त्याची बायको एव्हाद्नी म्हणाली, "रविवारच नडतो या बेटाला! तो परका दर्यावर्दीसुद्धा रविवारी आला, जमिनीला पाय न लावता त्याच्या भाषेत 'डॉमिनिका' म्हणजे रविवार असं नाव ठेवून गेला. आपल्या पूर्वजांनी नाव ठेवताना निदान डोंगर तरी बघितले होते."

मॅक्सिमिन ओशाळला. गोमियेच्याच डिंकाने त्याने तडा भरला आणि माझ्या पुढच्या टोकावर, नाळेवर, बेटाचं जुनं नाव रंगवलं: वाइतुकुबुली, म्हणजे उंच तिचं अंग. लाटांवरून परतताना तो डोंगर दिसला की टोपी काढायचा. ते दिवस फार आठवतात.

वादळाने मला कसावाच्या शेतात फेकलं. पुढे मॅक्सिमिन गेला. वादळानंतर डोंगरात होडीजोगं एकच गोमिये उरलं होतं. ते त्याच्या मुलीने, इझोल्डाने कोरलं. हे तडकलं तर दुसरं नाही.

"अगं, भाकरी थाप की गुमान," शेजारचा जोलियस म्हणाला.

"आणि तिच्याबरोबर खायला मासे कोण आणणार, दादा? तुमच्या मिशा?"

तिने माझी मापं दोरीने घेतली. तड्यावर बोट थांबलं. "बाबा, इथेच ना?"

काल जाळाला कोरडं लाकूड मिळेना. ती माझ्याकडे बघत राहिली. घे गं पोरी, मी मनात म्हटलं. आता समुद्र मला पेलायचा नाही. तिने नावाचा तुकडा कापून बाजूला ठेवला, मग डोळे पुसत कुऱ्हाड उचलली.

आता मी नव्या होडीच्या कुशीला जळतेय. तिच्या पोटातल्या पाण्यात पहिला दगड गेला. जोलियसने लगेच दोन उचलले.

"आटप गं, परवा रविवार. पाहुणे येतील."

"ठेवा ते खाली, दादा. रविवार थांबेल."

ऐकलंस, मॅक्सिमिन? आता मला निवांत राख होऊ दे.